बेतीच्या धक्क्यावरची पाच कुत्री

५ जुलै १९८६ ला गोव्यात मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजीसमोर, नदीपलीकडे असलेल्या बेतीच्या कुत्र्यांचे दिवस पालटले. पूल झाला होता १९७० साली, त्यामुळे आम्हा मुलांना पणजी म्हणजे पुलावरून बसने जायचं गाव एवढंच ठाऊक. पूल पडला आणि नदीच्या आमच्या बाजूचा अख्खा बार्देश तालुका पुन्हा फेरीबोटीवर आला. बेतीच्या धक्क्यावर माणसांच्या नि स्कूटरींच्या रांगा लागू लागल्या, रांगेच्या कडेला भजी-पावाचे गाडे उभे राहिले, मालीमच्या बाजूने मासळीच्या पाट्या घेऊन बायका यायच्या, आणि या सगळ्यांच्या पायांत कुत्री. त्यांतली बरीचशी उष्ट्यावर जगणारी. पण एक टोळी अशी होती की सकाळची फेरी पकडून पणजीला जायची, दिवसभर मासळी बाजाराच्या आसपास काढायची आणि संध्याकाळच्या फेरीने परत यायची. खलाशी त्यांना हाकलत नसत. त्या टोळीत आमचा ठिपक्याही होता. जेवायला आमच्याकडे, नोकरी पणजीत.

ताईने पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा सोफ्याच्या वरच्या भिंतीसाठी तिने माझ्याकडे या टोळीचं चित्र मागितलं. मी शाळेत चित्रकला शिकवते. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर कला महाविद्यालयात शिकत होते तेव्हापासून नातेवाइकांनी माझ्याकडे गणपती, सूर्यास्त आणि स्वतःची व्यक्तिचित्रं मागितलेली आहेत; कुत्री मागणारी ताई पहिलीच. मी लगेच हो म्हटलं. मग तिच्या अटी सुरू झाल्या. चित्र ‘जुन्या फोटोसारखं’ तपकिरी हवं. कुत्री प्रवासाला निघालीत हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. आणि नमुना म्हणून तिने व्हॉट्सअपवर चित्रं पाठवली: रेल्वेच्या फलाटावर बसलेली कुत्री, बाजूला चामड्याच्या ट्रंका, एकाच्या डोक्यावर हॅट, एकाच्या गळ्यात मफलर.

अशा चित्रांची परंपरा मोठी आहे. अमेरिकेत कूलिज नावाच्या चित्रकाराने १९०३ पासून एका जाहिरातीच्या कंपनीसाठी पत्ते खेळणारी, विड्या ओढणारी कुत्री काढली आणि ती कॅलेंडरांवरून जगभर पोचली. बघायला मजा येते. पण ती कुत्र्यांची चित्रं नव्हेत, माणसांची आहेत. तोंडं तेवढी कुत्र्यांची. ठिपक्याला हॅट घालायला माझा हात धजेना. ताईला म्हटलं, ट्रंक न ठेवता तुला कळलं की ती कुठेतरी निघालीत, तरच मी चित्र पाठवीन. “बघू,” म्हणाली. ताईचं ‘बघू’ म्हणजे नाही.

फोटो एकही नव्हता. त्या काळी कुत्र्यावर रोल कोण खर्च करणार? आमच्याकडे कॅमेरा यायचा तो बारशाला नि मुंजीला, तोही मामाबरोबर. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी वही आणि कोळसा घेऊन बेतीच्या धक्क्यावर जायला लागले. पणजी–बेती फेरी अजून चालते, कुत्रीही आहेत. आता त्यातल्या बऱ्याच जणांच्या कानाला छोटा काप असतो, नसबंदी झाल्याची खूण. लसीकरणाच्या मोहिमेत कधी डोक्यावर रंगाचा ठिपकाही दिसतो. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला त्यामागे हेच काम आहे. चित्र १९८६ चं, म्हणून तो काप मला काढायचा नव्हता. हात मात्र जे दिसतं तेच काढतो. पहिल्या वहीतल्या निम्म्या कुत्र्यांचे कान कापलेलेच आहेत.

धक्क्यावर चित्र काढणं म्हणजे सल्ले घेणं. पाटी खाली ठेवून बसलेली एक मासळीवाली माझ्या वहीत डोकावली आणि म्हणाली, “सुणीं कित्याक काडटा गो बाय? मनशांक काड.” कुत्री कशाला काढतेस, माणसं काढ. मी म्हटलं, माणसं हलतात. त्यावर ती जी हसली ते बरोबरच होतं, कारण कुत्र्याइतकं हलणारं दुसरं काही नाही. तुम्ही कान काढेपर्यंत तो मान फिरवतो, मान काढाल तर उठून जातो. पूर्ण चित्राच्या नादी लागायचं नाही, एका पानावर पाठीचीच रेघ पुन्हा पुन्हा काढायची, दुसऱ्यावर नुसते पुढचे पाय. तेच कुत्रं तासाभराने पुन्हा त्याच बैठकीत येतं तेव्हा राहिलेलं पुरं करायचं. फोनवर व्हिडिओही घेतले आणि घरी हळू गतीने पाहिले.

त्या व्हिडिओंमध्येच मला हवं ते सापडलं.

नुसता बसलेला कुत्रा आणि वाट पाहत बसलेला कुत्रा यांच्या अंगात फरक असतो. नुसता बसलेला असेल तर त्याचा मागचा भाग एका बाजूला कललेला असतो, एक मांडी जमिनीवर टेकलेली, पाय बाहेर फेकलेला. वाट पाहणारा सरळ बसतो. दोन्ही मागचे पाय पोटाखाली, उठायची तयारी असल्यासारखे. पुढचे पाय जवळजवळ, पण बोटं फाकलेली, कारण भार पुढे आलेला असतो. कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार उभ्याउभ्याही पुढच्या पायांवरच असतो. वाट पाहताना तो आणखी पुढे सरकतो आणि खांद्याचं हाड कातडीखाली वर आलेलं दिसतं. शेपटीचं मूळ ताठ, टोक मात्र जिवंत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तोंड. आपल्या हवेत कुत्रं दिवसभर जीभ बाहेर काढून धापा टाकत असतं. पलीकडून फेरीच्या इंजिनाचा आवाज आला की क्षणभर तोंड मिटतं. माणसांना आवाज ऐकू येण्याच्या आधी. कान पुढे, तोंड मिटलेलं, श्वास धरल्यासारखा. दोन सेकंदांनी जीभ परत बाहेर.

मला तो मिटलेल्या तोंडाचा क्षण हवा होता. डोळ्यांत भाव आणायचा मोह सगळ्या चित्रकारांना होतो. मोठे, ओले, कपाळाला आठ्या घातलेले डोळे काढले की कुत्रं बिचारं वाटतं आणि बघणारा ‘अगं बाई’ म्हणतो. पण कुत्र्याचं चित्र खरं उभं राहतं ते शरीरावर. इंग्रज चित्रकार लँडसीअरचं १८३७ चं एक चित्र आहे, मेलेल्या धनगराच्या शवपेटीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा. त्याचा डोळा दिसतो, नाही असं नाही, पण आपल्याला हलवतो तो त्याचा लाकडाला घट्ट दाबलेला ऊर. आपल्या घराघरांत असलेलं उदाहरण घ्यायचं तर जुन्या तबकड्यांवरचा हिज मास्टर्स व्हॉइसचा कुत्रा. त्याचा चेहरा तबकडीवर नखाएवढा. तरी तो ऐकतोय हे लहान मुलालाही कळतं, कारण मान कलली आहे. फ्रान्सिस बॅरॉडने ते चित्र काढलं तेव्हा तो कुत्रा, निपर, जाऊन काही वर्षं झाली होती; निपर १८९५ ला मेला. म्हणजे तेही आठवणीतून काढलेलंच चित्र. गंमत अशी की आधी त्यात फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं ते त्यावर कंपनीचं यंत्र रंगवून देण्याच्या अटीवर. मूळ चित्र विशिष्ट उजेडात पाहिलं तर खालचं जुनं यंत्र अजून ओळखू येतं म्हणतात. गिऱ्हाइकाच्या अटी ताईपासून सुरू झालेल्या नाहीत, एवढाच दिलासा.

रचनेसाठी धक्क्याच्या पश्चिमेच्या कडेला उभं राहून पूर्वेकडे पाहायचं ठरवलं. म्हणजे उजव्या हाताला पणजी, समोर नदी, लांबवर तुटलेल्या पुलाची रेघ, आणि कुत्री उजवीकडे, पाण्याकडे तोंड करून. आज तिथे उभं राहिलं की कॅसिनोंच्या बोटी आणि त्यांच्यामागे २०१९ चा अटल सेतू दिसतो. ते सगळं मनातून पुसावं लागलं. ऊन पूर्वेकडून, म्हणजे समोरून. त्यामुळे कुत्र्यांच्या पाठींना उजेडाची कड मिळते आणि अंग सावलीत राहतं. कच्च्या चित्रांत आधी फेरीबोटही होती, धक्क्याला लागत असलेली. दोन-तीन आराखड्यांनंतर ती काढून टाकली. बोट दिसली की नजर बोटीवर जाते आणि कुत्री तिच्या स्वागताला आलेली मंडळी होऊन बसतात. बोट नसेल तर बघणाराच विचारतो, ही सगळी त्या बाजूला काय बघताहेत? चित्रात माणूसही नाही. डावीकडे मासळीवालीच्या पाटीचा कोपरा आहे आणि साडीचा काठ, घोट्यापर्यंत. बस.

पाच कुत्री. सर्वांत पुढे एक खाकी कुत्री, तीच तोंड मिटलेली. तिच्यामागे काळा, अर्धवट उठलेला, मागचे पाय अजून दुमडलेले. त्याच्याआड ठिपक्या. एक पिल्लू, उलट्या बाजूला पाटीकडे बघणारं, कारण कळपात असं एक असतंच. आणि म्हातारा, जो आडवा झोपलेला आहे. त्या टोळीतला म्हातारा खरंच तसा होता. रॅम्पच्या साखळीचा खडखडाट झाल्याशिवाय तो डोळा उघडायचा नाही, आणि तरी बोटीत पहिला तोच चढायचा. मारियो मिरांडांच्या गर्दीच्या चित्रांत कुठेतरी कोपऱ्यात एक कुत्रं असतं, सगळ्या गोंधळाशी काही देणंघेणं नसलेलं. म्हाताऱ्याला मी त्याच जातीचा मानते.

आता ठिपक्याचा कान. ठिपक्या पांढरा, अंगावर काळे डाग, आणि एक कान काळा. ताई म्हणते डावा. मी म्हणते उजवा. आईला विचारलं तर ती म्हणाली दोन्ही पांढरे होते, काळा डाग पाठीवर होता. बाबा म्हणाले, “तो आपला होता? मला वाटायचं शेजाऱ्यांचा.” फोनवर यावरून जे झालं ते लिहीत नाही. शेवटी काळ्या कुत्र्याची मान नेमकी ठिपक्याच्या डोक्याआड आणली. आता जो काळा भाग दिसतो तो काळ्याची मान आहे की ठिपक्याचा कान, हे ज्याचं त्याने ठरवावं. ताईला तो डावा कान दिसतो. दिसू दे.

कॅनव्हास घेतला नाही. गोव्यात पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, खुंट्या ठोकून ताणावा तर थंडीत तडतड ताणला जातो, आणि मागच्या बाजूला बुरशी धरते. माझ्या कॉलेजच्या काळातली कितीतरी चित्रं पाठीमागून ठिपक्याठिपक्यांची झालेली आहेत. बोटी बांधणाऱ्या गावात मरीन प्लाय सहज मिळतो. दुकानदाराने “कपाटाला का?” विचारलं. चार फूट बाय अडीच फूट कापून घेतला, मागून सागाच्या पट्ट्या लावून घेतल्या म्हणजे वाकणार नाही, कडा बंद केल्या, पॉलिश पेपर मारला आणि जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, हात दिले, एक आडवा, एक उभा. मागच्या बाजूलाही दिले. एकाच बाजूला दिले तर लाकूड त्या बाजूला ओढ घेतं.

त्यावर सगळीकडे बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासला. आपल्या जांभ्या दगडाच्या जवळचा रंग. वर कितीही हिरवा-निळा लावला तरी कुठे ना कुठे तो खालून डोकावतो आणि चित्र गोव्याचं वाटायला लागतं. रेखाटन अंबर या मातकट तपकिरी रंगाने. अंबरमध्ये मँगनीज असतं म्हणून तो लवकर सुकतो. काळा आणि टिटॅनियम पांढरा मात्र हट्टी. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे घाई करून काही उपयोग नसतो. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम मोडला की वर्षा-दोन वर्षांत वरचा थर तडकतो. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नयेत. त्या आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. मी पाण्याच्या डब्यात टाकते. हे मुलांना दरवर्षी सांगते, म्हणून इथेही.

तपकिरीपणाचं भांडण इथे आलं. ताईला अर्धं झालेलं चित्र पाठवलं तर तिचा पहिला शब्द, “एवढं हिरवं?” मी ऑक्टोबरची सकाळ धरली होती. चतुर्थी होऊन गेलेली, पाऊस संपत आलेला, धक्क्याच्या भिंतीवर शेवाळ, पलीकडे आल्तिनोची झाडी. त्या दिवसांत गोव्यात हिरव्याला अंत नसतो. १९८६ साल तपकिरी नव्हतं. तपकिरी झाले ते फोटो. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर हिरवा रंग आधी विटतो आणि मग मागे तांबूस-पिवळा उरतो. आपण ते रसायन म्हणजेच आठवण समजून बसलोय, आणि फोनमधल्या फिल्टरांनी तर त्याचं दुकानच थाटलं. माझ्या डोक्यात त्या सकाळचा रंग विटलेला नाही. उलट, आत्ता दिसतो त्यापेक्षा जास्त भडक आहे. तेवढाच भडक मी लावला. ताईला म्हटलं, तुला तपकिरी हवं असेल तर बैठकीतला दिवा बदल.

कुत्र्यांच्या रंगांत मला सर्वांत सुख मिळालं. काळा कुत्रा काळ्या ट्यूबमधून काढलाच नाही; अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून केला, म्हणजे पाठीवर आकाशाचा निळा घेता येतो. खाकी कुत्री यलो ऑकरची, पण तिच्या पोटाखाली ओल्या रॅम्पवरून परतलेला लालसर उजेड आहे. तो लावल्यावर ती जमिनीवर बसली. तोपर्यंत हवेत होती. ठिपक्याचा पांढरा कुठेही पांढरा नाही, राखाडी-जांभळट आहे, फक्त पाठीच्या कडेवर शुद्ध पांढऱ्याची एक ओढ. केस एकेक करून काढले नाहीत. देशी कुत्र्याचे केस आखूड आणि अंगाला चिकटलेले, ब्रश केसांच्या दिशेने ओढला की झालं. दिशा बदलते ती छातीवर, जिथे दोन्हीकडचे केस भेटून भोवरा होतो. तो एक भोवरा मात्र नीट काढला. मागच्या पायाची घडीही. ज्याला लोक उलटा गुडघा म्हणतात ती कुत्र्याची टाच असते, आणि कुत्रं चालतं बोटांवर. हे एकदा डोक्यात बसलं की पाय काढायची भीती जाते.

शेवटी मिटलेलं तोंड. एवढ्या मोठ्या चित्रात ती जेमतेम बोटभर लांबीची रेघ. जास्त घट्ट ओढली तर कुत्री रागावलेली दिसते, टोकाला जरा वर नेली तर हसते. खालचा ओठ किंचित सैल ठेवला, नाकाच्या टोकावर ओलाव्याचा एक ठिपका दिला आणि ब्रश खाली ठेवला.

पुण्याला चित्र गेलं ते रात्रीच्या बसने, माझ्या भाच्याच्या सीटमागे उभं, चादरीत आणि थर्माकोलमध्ये गुंडाळून. सकाळी ताईचा फोन. आधी मुद्रणालयातल्या प्रूफरीडरसारखी तपासणी: पाटी बांबूची हवी होती, साडीचा काठ लाल कशाला, पिल्लू आपल्या वेळी नव्हतंच. मग जरा थांबून म्हणाली, “बोट कुठल्या बाजूने येतेय? ती पुढची बघतेय ना, तिकडून?” मी काही बोलले नाही. ट्रंकेचा विषय तिने काढला नाही.

बाबांचं म्हणणं वेगळंच आहे. त्यांच्या मते कुत्री बसायची ती रॅम्पच्या पूर्वेच्या कडेला, गाड्यांच्या बाजूला. असेलही. तिथे बसवली असती तर ऊन पाठीवर आलं नसतं.

व्हार्निश अजून बाकी आहे. जाड लावलेले पांढरे पूर्ण वाळायला सहाएक महिने द्यावे लागतात, म्हणून दिवाळीत ब्रश घेऊन मी पुण्याला जाणार आहे. तोवर ओल्या फडक्याने पुसायचं नाही आणि समोरच्या खिडकीचा पडदा दुपारी ओढायचा, असं ताईला बजावलं आहे. पडदा तिने कुठला लावलाय ते फोटोत दिसलं. तपकिरी.